एका पक्ष्यामागे किती पडले?

पाणपक्षी बघायला कुठे जायचं हे पक्षितज्ज्ञ पाण्याची खोली, चिखल, मागच्या वर्षीच्या नोंदी वगैरे पाहून ठरवत असतील. आमच्या घरात ते तिथे आपलं कोण राहतं यावरून ठरतं.

भाच्याने सुरुवात पांतानालपासून केली होती. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे अशा तीन देशांत पसरलेली ही जगातली सगळ्यात मोठी उष्ण प्रदेशातली पाणथळ. जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढी. काठावर जग्वार झोपलेले असतात आणि होडीतून दिसतात म्हणे. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे आपलं कोण आहे?"

कोणी नव्हतं. मग तो चिलिका सरोवरावर आला. ओडिशातही कोणी नव्हतं. भरतपूरलाही नाही. महाराष्ट्रातलं नांदूर मधमेश्वर निघालं. राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली, आणि जवळच निफाडला मावशीची नणंद राहते. पण वास्तुशांतीच्या आमंत्रणावरून तिच्याशी बोलणं बंद आहे. असं जगाच्या नकाशावरून घसरत घसरत भाच्याचं बोट भिगवणवर येऊन थांबलं. भिगवणजवळ माझ्या बायकोच्या आतेबहिणीचे दीर राहतात. शिवाय फ्लेमिंगोही असतात.

पुढचा प्रश्न खर्चाचा. त्यासाठी शेजारच्या नानांना बोलावलं. नानांचं वय ७६. उभं आयुष्य सरकारी हिशेबतपासणीत गेलं आणि निवृत्त झाल्यावर तपासायला घरचेच हिशेब उरले, ते नानीने पहिल्याच महिन्यात हातातून काढून घेतले. नानांना पक्ष्यांची आवड आहे असं कोणी म्हणणार नाही. पण त्यांनी पाच मिनिटांत सिद्ध केलं, की त्यांना बरोबर घेतल्याशिवाय सहल स्वस्त होणार नाही. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२पासून तिकीट नाही. बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट. मावशी अर्धी, बायको अर्धी, नाना शून्य, भाचा आणि मी दोघे पूर्ण.

"पण नाना, तुम्ही आलात काय, न आलात काय, एकूण खर्च तेवढाच," मी म्हणून पाहिलं.

"माणशी बघा," नाना म्हणाले. "माणशी किती पडले ते बघा."

माणशी पाहिलं तर खरंच कमी पडत होते. सरासरीपुढे कुणाचं काही चालत नाही. आपल्याकडे कोणीही कुठूनही फिरून आलं, की पहिला प्रश्न 'काय पाहिलंत?' हा नसतो, 'किती पडले?' हा असतो. ताजमहाल पाहून आलेल्या माणसाला मी 'वसूल झालं का?' असं विचारताना ऐकलंय. नानांनी फक्त या राष्ट्रीय प्रश्नाला वही दिली.

सामग्री जमवली ती अशी. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' वाचनालयातून आणला आणि तो परत करायची तारीख पाहून सहलीची तारीख ठरवली, म्हणजे दंड पडायला नको. दुर्बीण पुण्याच्या जुन्या बाजारातली. तिचं उजवं नळकांडं धुरकट होतं, त्यामुळे ती दुर्बीण असूनही एकाच डोळ्याने बघावी लागे. भाच्याकडे फोन आणि त्यात ईबर्ड. या ॲपमध्ये आपण कुठे, किती वाजता, कोणता पक्षी, किती पाहिले ते भरायचं, की ते जगभरच्या नोंदींत जाऊन बसतं. नानांना हे अतिशय आवडलं. "म्हणजे मध्यवर्ती नोंदवही आहे तर," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी बऱ्याच वर्षांनी तेज पाहिलं.

एसटी हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागली. यवतच्या पुढे तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा एक काळा पक्षी बसलेला दिसला.

"कोतवाल," भाचा म्हणाला.

"हा धरायचा का?" नानांनी विचारलं.

"धरा की."

नानांनी वही काढली. डावीकडे खर्च, उजवीकडे पक्षी. आतापर्यंतचा सगळा खर्च एका कोतवालावर बसला होता. एवढा महाग कोतवाल शिवकाळातही कुणाला पडला नसेल. नाना अस्वस्थ झाले आणि खिडकीकडे सरकले. पाटस येईपर्यंत साळुंकी, होला, वेडा राघू, गाय बगळा, बुलबुल आणि कावळा अशी भर पडून भाव झपाट्याने खाली आला. कावळा दिसल्यावर एवढा आनंदलेला माणूस मी पितृपक्षाबाहेर पाहिला नव्हता. हिशेब साधा होता. एकूण खर्च भागिले पक्ष्यांच्या जाती. जितक्या जाती जास्त, तितका पक्षी स्वस्त.

नियम तिथेच एसटीत ठरले. एका जातीचे हजार पक्षी दिसले तरी नोंद एकच. ढाब्याच्या मागे फिरणारी कोंबडी चालणार नाही, कारण ती पक्षी नसून जंगम मालमत्ता आहे. मेलेला पक्षी चालणार नाही. नुसता आवाज आला तर? भाचा म्हणाला, पक्षिनिरीक्षक आवाजावरूनही नोंद करतात. नानांनी मान हलवली. आवाज म्हणजे व्हाउचर नसलेली नोंद. अशा नोंदींवरच तर त्यांचं सगळं करिअर उभं होतं. पुढे एका भारद्वाजाने उसातून तासभर घूं घूं केलं, पण बाहेर येऊन दर्शन देईना म्हणून नानांनी त्याला 'प्रलंबित' या सदरात टाकलं.

मुक्काम फुकट, हे या सहलीचं सगळ्यात मोठं बजेटी यश होतं. फक्त नातेवाइकांकडे हात हलवत जाता येत नाही. म्हणून दोन किलो बाकरवडी, मुलांना खाऊ, वहिनींना साडी, आणि ऐन वेळी घरात आत्याबाईही असतात असं कळल्याने आणखी एक साडी. बायकोने मला तेवढ्या पैशांत भिगवणच्या लॉजवर किती रात्री राहता आलं असतं ते सांगू दिलं नाही. नानांनी हा सगळा खर्च 'निवास (निःशुल्क)' या मथळ्याखाली लिहिला.

दिरांनी आमचं जे स्वागत केलं त्याने पक्षिनिरीक्षणाचा निम्मा प्राण तिथेच गेला. भरलं वांगं, बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी, दह्यातला ठेचा, वर शेवयांची खीर. "पहाटे पाचला उठायचंय," असं भाचा सांगत होता आणि त्याच्या ताटात तिसरी भाकरी पडत होती. दिरांना आमच्या येण्याचं कारण मात्र पटेना. "पक्षी बघायला? म्हंजे खायला न्हाई, नुसतं बघायला?" त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग, जावयाकडचे लोक आहेत, असतं एकेकाचं, अशा समजुतीने ते गप्प बसले.

पहाटे भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा थंडी होती, धुकं होतं आणि आमच्या आधी येऊन थांबलेले दोन छायाचित्रकार होते. त्यांनी अंगभर जंगलात लपायला चालतील असे पानापानांचे कपडे घातले होते. टोपीवर पानं, पाठपिशवीवर पानं, हातभर लांबीच्या लेन्सलाही पानांचं झबलं. पक्ष्याला आपण माणूस वाटू नये, झाडच वाटावं, एवढा खर्च. त्यावर नावाड्याने त्यांना भडक केशरी लाइफ जॅकेटं चढवली. आणि ही दोन केशरी झाडं कुठेही झाड नसलेल्या पाण्यात ऐटीत निघून गेली.

होडीचं भाडं माणशी नसून होडीमागे असतं हे कळल्यावर नानांनी काठावरच थांबायचं ठरवलं. आणखी कोणी आलं तर वाटून घेऊ. कोणी येईना. पण थांबल्यामुळे एक झालं, काठ बघायला मिळाला. शेकाट्या आपल्या लालबुंद लांब पायांनी उथळ पाण्यात एकेक पाऊल असं टाकत होता, की खालचं पाणी त्याला परवडत नसावं. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला, थांबला, आणि थेट खाली कोसळला. वंचक नावाला साजेसा, मातीत मिसळून, मान आत ओढून बसलेला. तो तिथे आहे हे तो उडेपर्यंत कुणाला कळलं नाही. उडाला तेव्हा आतून पांढराशुभ्र निघाला. हे सगळं फुकट. भाडं सुरू व्हायच्या आधीच नानांच्या वहीत अकरा ओळी भरल्या आणि त्यांना वाटायला लागलं की होडीची गरजच काय.

माझं प्रामाणिक मत असं, की भिगवणला लोक ज्याच्यासाठी जातात तो फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, हा पक्षी नको इतका डोक्यावर घेतलेला आहे. दुरून दिसतो ती एक गुलाबी रेघ. वंचकाचं नाटक बघायला मिळतं त्याच्या शतांशानेही कोणी त्या रेघेकडे टक लावून बघत नाही, फक्त फोटो काढतात. पण रोहित न बघता परत गेलो असतो तर 'किती पडले?'च्या पुढचा 'मग फ्लेमिंगो?' हा प्रश्न आला असता. म्हणून होडी घेतली.

नावाडी मध्यमवयीन, शांत. सगळ्यांना जॅकेटं घालून झाल्यावर म्हणाला, "बसा, हलू नगा. मावशी, तुमी मधी बसा."

तो सांगत होता ते ऐकण्यासारखं होतं. हे सगळं पाणी उजनी धरणाचं. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पुरं झालं आणि मागच्या जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. भरलं की ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात पेपरात 'उजनी वजा वीस टक्के' अशी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटतं, धरणाने पाणी उसनं घेतलं की काय. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात. रोहिताला नेमका तोच घोटाभर पाण्याखालचा चिखल हवा असतो. धरण तुडुंब असेल तर तो येऊनही करणार काय. थोडक्यात, कच्छच्या रणात वीण करणाऱ्या या पक्ष्याने भिगवणला कधी उतरायचं हे शेतीला आवर्तन कधी सोडायचं त्यावर अवलंबून असतं, आणि ते ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. नानांना हे ऐकून पक्ष्यांविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. बैठकीच्या निर्णयाची वाट बघत एका पायावर उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको.

"हितं खाली आमचं शेत हुतं," नावाडी वल्हं मारता मारता म्हणाला. "आज्जाचं. ज्वारी व्हायची."

"मग आत्ता आपण नक्की कुणाच्या सात-बाऱ्यावर आहोत?" नानांनी विचारलं.

तो हसला. उत्तर दिलं नाही. थोडा वेळ फक्त वल्ह्याचा आवाज येत राहिला.

मग नानांना दुसरी गोष्ट आठवली. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा इथे येते. म्हणजे पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही इथेच येतं. "मग एका अर्थी आम्ही तुमचे पाण्याचे पुरवठादार झालो," ते भाड्यावर डोळा ठेवून म्हणाले.

"पाठवताय त्ये ठीक हाय काका," नावाडी म्हणाला, "पण जरा धुवून पाठवत जावा."

त्यानंतर भाड्याचा विषय निघाला नाही.

नानांची खरी भरारी सुरू झाली ती बगळ्यांपासून. एका मेलेल्या बाभळीवर पाच-सहा पांढरे बगळे बसले होते. आपण कोणीही म्हणतो, बगळे बसलेत, आणि पुढे जातो. बायकोनेही तेच म्हटलं. पण भाच्याने चुकून सांगितलं, की पांढरे बगळे एकाच जातीचे नसतात. नाना ताठ बसले. "किती जातीचे असतात?"

ज्याची चोच काळी, पाय काळे आणि पावलं मात्र पिवळी, जसे मोजे घातलेत, तो लहान बगळा. ज्याची चोच पिवळी आणि तोंडाची फट डोळ्याच्या खालीच संपते, तो मध्यम. फट डोळ्याच्याही मागे जाते आणि मानेला मधेच चमत्कारिक बाक असतो, तो मोठा. बुटका, आखूड पिवळ्या चोचीचा तो गाय बगळा, तो कालच एसटीत जमा झालेला. शिवाय राखी बगळा वेगळा, जांभळा वेगळा, रातबगळा वेगळा आणि काठावरचा वंचकही याच कुळातला.

"एका बगळ्यात आठ!" नाना म्हणाले. "आणि आपण आयुष्यभर एकच धरत होतो."

तिथून पुढे त्या होडीत त्यांच्याइतकं बारकाईने कोणी बघत नव्हतं. पाणकावळा दिसला की लहान, मध्यम की मोठा याचा निकाल लागल्याशिवाय होडी पुढे सरकू द्यायची नाही. धोबी दिसला की त्याची भुवई पांढरी आहे का पोट पिवळं, हे पाहायचं. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असतो. तो मावशीने 'अगोबाई, खरंच की' असं म्हणत शोधून काढला तेव्हा नानांनी साक्षीदार म्हणून तिचं नाव वहीत लिहिलं. पट्टकदंबाच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे त्यांनी धुरकट दुर्बिणीतून, एका डोळ्याने, होडी हलत असताना मोजले. हा हंस हिमालय ओलांडून येतो, असं भाच्याने सांगितलं. "त्याचा प्रवासखर्च आपल्यावर नाही ना?" एवढी खात्री करून घेऊन त्यांनी तो धरला.

कुरवांपाशी मात्र ते चिडले. पाण्यावर दोन प्रकारचे कुरव होते, एक तपकिरी डोक्याचा आणि एक काळ्या डोक्याचा. आणि दोघांचीही डोकी पांढरी. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, रंग चढतो तो विणीच्या दिवसांत, हे भाच्याने समजावलं. "म्हणजे दप्तर आणि प्रत्यक्ष पडताळणी यात तफावत," नाना म्हणाले. मग ओळखायचे कसे? तपकिरी डोक्याच्या मोठ्या कुरवाचा डोळा फिका असतो, काळ्या डोक्याच्याचा गडद. एवढ्या कामासाठी नानांनी माझ्याकडून एक पोळीचा तुकडा मागितला, म्हणजे कुरव जवळ येतील. नावाड्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः खाल्ला. "सवय लागती त्यास्नी," तो म्हणाला.

एका वाळक्या बांबूवर ऑस्प्रे बसला होता. नावाड्याने वल्हं थांबवलं. आम्ही बघत असतानाच तो उठला, पाण्यावर फिरला आणि पाय पुढे करून धडाड खाली आला. वर उठला तेव्हा पंजात चांगला वीतभर मासा. त्याने उडता उडताच मासा वळवून तोंड पुढे करून घेतला, म्हणजे वारा अडायला नको. बायको म्हणाली, या एकट्याने होडीचं भाडं वसूल झालं. नाना म्हणाले, तुमचं झालं असेल. वहीत त्याचीही एकच ओळ, कावळ्याएवढीच.

मग ती गुलाबी रेघ आली. जवळ जाता जाता तिला पाय फुटले, माना फुटल्या. आवाज मात्र अगदी बदकासारखा, एवढ्या देखण्या जिवाने असं बोलू नये. केशरी झाडांची होडी आमच्या आधी तिथे पोचलेली होती आणि त्यांतलं एक झाड आपल्या नावाड्याला म्हणत होतं, "दादा, जरा उडवा ना. फ्लाइट शॉट हवा."

"उडवायचं नसतं साहेब," तो नावाडी म्हणाला. "खातेत ती."

"फक्त एकदा."

"तुमाला कोणी जेवताना उठवून पळवलं तर?"

झाड गप्प बसलं. मला हा नावाडी फार आवडला. होडीचं भाडं देणाऱ्याला नाही म्हणायला धंद्यात हिंमत लागते. आणि पक्षी बिचकून उडत राहिले तर खाण्यापेक्षा उडण्यातच त्यांची शक्ती जाते आणि ती जागा ते सोडतात, हे त्याला कुठल्याही पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पोटावरून कळलेलं होतं.

खात होते ते असे. मान खाली, डोकं पुरतं उलटं, चोचीची वरची बाजू चिखलाला. पायांनी चिखल तुडवत स्वतःभोवती फिरायचं, ढवळलेलं पाणी चोचीत घ्यायचं आणि आतल्या जाळीतून गाळून बाहेर टाकायचं. जाळीत उरतं ते जेवण. त्यातल्या शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांमधल्या रंगानेच हा पक्षी गुलाबी होतो. जन्मतो तेव्हा राखाडी असतो, आणि नीट रंग चढायला काही वर्षं जावी लागतात.

नाना मात्र निराश होते. शेकडो पक्षी समोर, आणि वहीत एकच ओळ. "सगळे एकाच जातीचे?" त्यांनी विचारलं. भाचा बोलून गेला, की भिगवणला असतो तो मोठा रोहित, पण लहान रोहित नावाची दुसरी जात ठाण्याच्या खाडीत भरपूर येते, ती इथे क्वचित एखादी असू शकते. चोच गडद, अंग बुटकं.

झालं. नानांनी दुर्बीण घेतली आणि डावीकडून एकेक रोहित तपासायला घेतला. एकही सोडला नाही. केशरी झाडांनी शंभरेक फोटो काढून होडी वळवली, ऊन चढलं, मावशीने दशम्या सोडल्या, नाना तपासतच होते. त्या दिवशी त्या जलाशयावर रोहित पक्षी जर कोणी खरोखर पाहिला असेल, तर तो नानांनी, आणि तो भागाकारातला छेद वाढवण्यासाठी. शेवटी ते ओरडले. उजव्या टोकाला एक बुटका होता. चोच गडद.

"त्ये पिल्लू हाय काका," नावाडी म्हणाला. "औंदाचं. म्हणून राखाडी."

"हे तुमचं मत झालं," नाना म्हणाले आणि वहीत लिहिलं: लहान रोहित, एक. भाच्याने हळूच नापसंती दर्शवली, ती समासात नोंदवून घेण्यात आली.

दुपारी गावातच जेवण. चिलापी तळलेली, झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी. चिलापी मूळची आफ्रिकेतली, पण उजनीत अशी रुळलीय की आता जाळ्यात बहुतेक तीच येते. मावशीसाठी पिठलं. समोरच्या खांबावर पंख वाळत घालून बसलेल्या पाणकावळ्याकडे बघत नाना म्हणाले, "हाच मासा त्याला काय भावाने पडत असेल?"

निघताना दिरांनी एसटीच्या टपावर मावणार नाहीत एवढे ऊस, केळीचा घड आणि दहा किलो ज्वारी दिली. नानांपुढे नवाच पेच उभा राहिला. हे जमा बाजूला धरलं तर सहलीचा एकूण खर्च शून्याखाली जात होता आणि प्रत्येक पक्ष्यामागे आम्हालाच पैसे मिळाले असते. उजनीसारखा नानांचा हिशेबही वजा निघायला लागला. शेवटी 'भेटवस्तू महसुली जमेत येत नाही' असा निर्णय देऊन त्यांनी ज्वारी वगळली. ऊस मात्र बसमध्येच खाल्ला गेल्यामुळे तो अल्पोपाहारात धरला. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या झाडांवर चित्रबलाक दरवर्षी घरटी करतात असं कंडक्टरने सांगितल्यावर नाना तिथे उतरायला निघाले होते. इंदापूर उलट्या दिशेला आहे, हे समजावून त्यांना खाली बसवलं. "कचेरीच्या जागेत बांधकाम," ते बराच वेळ पुटपुटत होते, "परवानगी कुणी दिली असेल?"

शेवटचा भाव पक्ष्यामागे एका वडापावाच्या आसपास आला. गाडी स्वारगेटच्या फाट्यावर थांबल्यावर सिग्नलच्या खांबावर एक घार दिसली आणि तो त्याच्याही खाली उतरला.

भाच्याने यादी ईबर्डवर चढवली. काही दिवसांनी त्याला ईमेल आली. ईबर्डच्या नोंदी तपासायला प्रत्येक भागात जाणकार लोक स्वेच्छेने काम करतात. त्यांपैकी कुणीतरी अतिशय सभ्य शब्दांत विचारलं होतं, की लहान रोहिताच्या नोंदीसाठी फोटो किंवा वर्णन देता येईल का. भाचा ओशाळला. नानांना मात्र निवृत्तीनंतरची सगळ्यात आनंदाची बातमी मिळाली. जगात कुठेतरी पक्ष्यांच्या नोंदीलाही व्हाउचर मागणारी माणसं आहेत. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. मुद्दा क्रमांक १, निरीक्षणाची वेळ व प्रकाशाची दिशा. मुद्दा क्रमांक २, दुर्बिणीची स्थिती (डावं नळकांडं). मुद्दा क्रमांक ३, नावाड्याचं विरुद्ध मत, ते अमान्य करण्याची कारणं. खुलासा वाचून उत्तर आलं, की नोंद बहुधा मोठ्या रोहिताच्या पिल्लाची असावी, पण एवढं सविस्तर वर्णन त्यांना सहसा मिळत नाही, आभार.

नाना नाराज झाले नाहीत. आक्षेप योग्य पद्धतीने घेतला होता. पण एक जात कमी झाली आणि भाव पुन्हा वडापावाच्या वर गेला. तेव्हा ते आमच्याकडे आले आणि सहलीचे सगळे फोटो एकेक करून मोठे करून बघायला बसले. होडीत बायकोने स्वतःचा काढलेला एक फोटो आहे. त्यात तिचे डोळे मिटलेत आणि तोंड अर्धवट उघडं आहे. तिच्या डाव्या कानाच्या मागे, अगदी कोपऱ्यात, काहीतरी पांढरं. नानांनी चष्मा पुसला, भाच्याला बोलावलं. काळं डोकं, खाली वळलेली चोच. पांढरा शराटी. यादीत नव्हता.

बायको तो फोटो पुसून टाकायच्या बेतात होती. आता पुसता येत नाही. नानांनी त्याची रंगीत प्रत काढून वहीला टाचली आहे, आणि कोणी सहलीचं विचारलं की तीच उघडून दाखवतात.